बिमल रॉय : आधी कॅमेरामन, मग दिग्दर्शक

बिमल रॉय यांच्या 'बंदिनी'तला तो प्रसंग आठवून पाहा. कल्याणी, म्हणजे नूतन, स्टोव्हपाशी आहे. बाहेर वेल्डिंग चाललंय, लोखंडावर घण पडतायत. वेल्डिंगचा झगझगीत उजेड तिच्या चेहऱ्यावर पडतो, विझतो, पुन्हा पडतो. नूतन एक अक्षर बोलत नाही, तरी तिच्या मनात काय शिजतंय ते आपल्याला कळून चुकतं. उजेडाला असं बोलकं करायला दिग्दर्शक मुळात कॅमेऱ्याचाच माणूस असावा लागतो.

बिमल रॉय तसेच होते. जन्म १९०९चा, ढाक्याकडच्या जमीनदार घरातला. कोलकात्याच्या न्यू थिएटर्स या चित्रसंस्थेत ते कॅमेरा विभागात घडले. दिग्दर्शक प्रमथेश बरुआंच्या १९३५च्या 'देवदास'चे छायालेखक तेच. वीस वर्षांनी दिलीपकुमारला घेऊन तीच कथा त्यांनी स्वतः पडद्यावर आणली. स्वतंत्र दिग्दर्शनाची सुरुवात १९४४च्या बंगाली 'उदयेर पथे'पासून झाली.

फाळणीने पूर्व बंगालचा प्रेक्षक तुटला आणि कोलकात्याचा चित्रधंदा खचला. बॉम्बे टॉकीज या चित्रसंस्थेचं काम मिळालं तसे रॉय मुंबईला आले. हृषीकेश मुखर्जी, नबेंदू घोष, असित सेन ही मंडळीही सोबत आली. १९५२मध्ये मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तिथे इटालियन दिग्दर्शक डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' बघून रॉय भारावून गेले. पुढच्याच वर्षी सलील चौधरींच्या कथेवरून 'दो बिघा जमीन' आला, त्याला कान महोत्सवात पारितोषिक मिळालं. कोलकात्याच्या रस्त्यावर अनवाणी रिक्षा ओढणारा बलराज साहनींचा शंभू आजही बघवत नाही, इतका खरा आहे.

आपल्याला मात्र 'सुजाता' (१९५९) अधिक जवळचा वाटायला हवा. अस्पृश्य घरातली अनाथ मुलगी एका ब्राह्मण कुटुंबात वाढते, पण 'बेटी' म्हणवून घेता घेता 'बेटी जैसी'वर अडते. नूतन, सुलोचनादीदी, शशिकला, ललिता पवार : या घरातल्या चारही बायका मराठी अभिनेत्रींनी उभ्या केल्या. गांधीघाटावरच्या पावसात रॉय नूतनला बोलायला लावत नाहीत. कॅमेरा नुसता तिच्यापाशी थांबतो.

सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं फिल्मफेअर त्यांना सात वेळा मिळालं. जानेवारी १९६६मध्ये कर्करोगाने ते गेले, तेव्हा अवघे ५६ वर्षांचे होते. कुंभमेळ्यावरचा चित्रपट अपुराच राहिला. त्यासाठी संगमावर केलेल्या चित्रणाची रिळं पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या मुलाच्या हाती लागली.