तिरळेपणाची शस्त्रक्रिया: जंतू आत जातात कुठून?

तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळा ‘उघडतात’ असा अनेक पालकांचा समज असतो. तसे नाही. सारे काम डोळ्याच्या गोळ्याबाहेर, त्याला फिरवणाऱ्या स्नायूंवर चालते. मग क्वचित का होईना, एखाद्या मुलाच्या डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग, म्हणजे एंडोफ्थॅल्मायटिस, होतो कसा?

टाक्यामुळे. स्नायू ज्या पांढऱ्या कवचाला शिवतात ते श्वेतपटल डोळ्याच्या मागच्या टोकाशी सुमारे 1 मिलिमीटर जाड असते, पण स्नायू चिकटतो त्या जागेच्या लगेच मागे जेमतेम 0.3 मिलिमीटर. सुई एवढ्याशा जाडीतून आडवी सरकवायची. फार वरून घेतली तर टाका फाटून स्नायू निसटतो, खोल गेली तर थेट आत. म्हणून सुई चपटी, दोन्ही कडांनी कापणारी असते आणि सरकताना श्वेतपटलातून तिचा माग दिसत राहावा लागतो. दिसेनाशी झाली की खोल गेली समजावे. त्यात धागा विरघळणारा असला तरी बहुधा विणलेला असतो. पापणीच्या कडेचे जंतू वातीत तेल चढावे तसे त्यात मुरतात. आरपार भोक पडले नाही तरी टाक्याशी बारीक गळू होऊन संसर्ग आत झिरपू शकतो.

डोळ्याच्या गोळ्यात भरलेल्या जेलीसारख्या काचद्रवात रक्तवाहिन्याच नाहीत. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उशिरा पोहोचतात, शिरेतून दिलेले प्रतिजैविकही पुरेसे उतरत नाही. त्यामुळे तपासणीसाठी नमुना घेऊन औषध डोळ्यातच टोचतात: सहसा व्हॅन्कोमायसिन 1 मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम 2.25 मिलिग्रॅम, प्रत्येकी 0.1 मिलिलिटरमध्ये. पुष्कळदा काचद्रवही काढावा लागतो. न्यूमोकॉकससारखा जंतू असेल तर एवढे करूनही दृष्टी जाऊ शकते.

प्रतिबंध त्या मानाने साधा. शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात 5 टक्के पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक घालून काही मिनिटे थांबणे. डोळे आलेले किंवा पापण्यांच्या कडा सुजलेल्या असतील तर तारीख पुढे ढकलणे.

लाली आणि थोडी सूज सगळ्यांनाच येते, पण ती रोज उतरायला हवी. एंडोफ्थॅल्मायटिस बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास डोके वर काढतो. लहान मूल ‘अंधुक दिसते’ असे सांगत नाही. ते मलूल होते, तापते, डोळा उघडू देत नाही. उतरलेली सूज पुन्हा चढणे, दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असताना एकच जास्त लाल होणे, बाहुलीत पांढुरकी झाक दिसणे, यांतले काहीही दिसले तर ठरलेल्या तपासणीची वाट पाहू नये. डोळा पुढे आला आणि हलेनासा झाला तर संसर्ग डोळ्याभोवतीच्या खोबणीत पसरलेला असू शकतो. तिथे मात्र शिरेतून दिलेली औषधे चांगली पोहोचतात. मूल तपासू देत नसेल तर भूल देऊन, बाहुली मोठी करून, त्याच दिवशी डोळ्याचा आतला भाग पाहावा लागतो.