दवबिंदू आणि सीतेची आसवं: फूल किडे खात नाही

दर सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर हेच कानावर पडतं. जांभळ्या गालिच्याकडे बोट दाखवून कुणीतरी पोराला सांगतं, "ही फुलं किडे खातात बरं, हात लावू नको." पोरगं बिचकून मागं सरतं. तो गालिचा सीतेच्या आसवांचा; तिथंच दवबिंदूही उगवतो. दोन्ही वनस्पती कीटकभक्षी, दोन्ही ओल्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावरच्या, दोघींच्या नावात थेंब. गोंधळ व्हायचाच. पण "किडे खाणारं फूल" ऐकलं की मला गप्प बसवत नाही.

दवबिंदू बहुतेकांना ठाऊक असतो. तांबूस पानं, पानांवर केस, केसांच्या टोकाला चिकट थेंब. चिलट चिकटलं की केस त्याच्यावर वाकतात आणि पाचकरस त्याला विरघळवतो. खरं दव ऊन चढल्यावर उडून जातं, हा थेंब भर दुपारीही चमकतो.

मेख आहे ती सीतेच्या आसवांत. वर दिसतं ते नखाएवढं जांभळं फूल, आणि त्यात सापळा नाही. उलट त्याच्या मागच्या टोकेरी नळीत मध असतो, तो किड्यांना बोलावण्यासाठी. पाहुण्यालाच फूल खाऊ लागलं तर पराग न्यायचे कुणी?

शिकार चालते खाली, चिखलात. या झाडाला खरी मुळं नसतातच. मातीत पसरलेल्या बारीक धाग्यांवर खसखशीच्या दाण्यासारख्या इवल्या पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकते, तिच्या भिंती आत ओढल्या जातात, तोंडाचं झाकण घट्ट मिटलेलं राहतं. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव झाकणाजवळच्या केसाला लागला की झाकण आत उघडतं आणि पाण्यासकट तो आत खेचला जातो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. म्हणजे माशी, फुलपाखरू हे हिचं भक्ष्य नव्हेच. युट्रिक्युलेरिया हे शास्त्रीय नावही लॅटिनमधल्या 'छोटी पिशवी' या शब्दावरून आलंय. मला मात्र मराठी नावच प्रिय आहे.

'पोट भरायला किडे खाते' हेही चूकच. साखर दोघीही उन्हात स्वतःच तयार करतात. जांभ्यावरच्या पातळ मातीत नायट्रोजन आणि फॉस्फरस कमी पडतात, तेवढेच शिकारीतून मिळवायचे असतात.

दोघींचं नातंही जवळचं नाही. आसवं ज्या गणात मोडतात त्यात तुळस, तीळ आणि कासचीच कारवी येते. दवबिंदू त्या गणातला नाही.

फोटोसाठी गालिच्यात चार पावलं आत शिरणारे फुलं चुकवत पाय टाकतात, आणि आपण काही तुडवलं नाही असं त्यांना मनापासून वाटतं. बुटाखाली चिखल दाबला जातो, पिशव्या तिथंच असतात. वाटेच्या कडेला उकिडवं बसलं तरी फूल पुरेसं जवळ येतं.