चार्जरमधल्या वेढ्यांचं गणित

ट्रान्सफॉर्मरचं सूत्र सगळ्यांना आठवतं: जे व्होल्टेजचं गुणोत्तर, तेच वेढ्यांचं. आता ते मोबाईलच्या साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला लावून पाहा. घरातली २३० व्होल्ट एसी डायोडच्या ब्रिजमधून कपॅसिटरवर आली की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होते. ३२५ भागिले ५, म्हणजे ६५. पण चार्जरमधला पिवळ्या टेपने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर सोडवला, तर प्रायमरीला शंभरेक बारीक वेढे आणि सेकंडरीला जेमतेम सहा निघतात. गुणोत्तर साधारण १८.

कारण हा फ्लायबॅक आहे. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत दुरुस्तीवाले ज्याला ईएचटी म्हणायचे, त्याच घराण्यातला. यात दोन्ही गुंडाळ्या एकाच वेळी कधीच काम करत नाहीत. मॉस्फेट, म्हणजे प्रायमरीचा वेगाने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, चालू असताना प्रायमरीतला प्रवाह चढत जातो. सेकंडरीची दिशा उलटी असल्याने तिथला डायोड बंद राहतो आणि ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठते. तीही बहुतांश फेराइटमध्ये, म्हणजे गाभ्याच्या चुंबकीय पदार्थात, नाही, तर गाभ्यात मुद्दाम ठेवलेल्या हवेच्या बारीक फटीत! मॉस्फेट बंद झाला की व्होल्टेजची दिशा पालटते, डायोड उघडतो आणि साठा आउटपुटकडे जातो.

या क्षणी जे घडतं, ते मला सर्वांत देखणं वाटतं. सेकंडरीवर तेव्हा ५ व्होल्ट आणि डायोडचे अर्धा, असे साडेपाच व्होल्ट असतात. तेच १८ पटींनी, म्हणजे ९९ व्होल्ट होऊन प्रायमरीवर उलटे उमटतात आणि बंद मॉस्फेटवर आधीच्या व्होल्टेजमध्ये मिळवले जातात. लाईन २६५ व्होल्टपर्यंत चढली तर डीसी ३७५. अधिक ९९, म्हणजे ४७४. गळतीच्या इंडक्टन्समुळे (प्रायमरीचं जे चुंबकीय क्षेत्र सेकंडरीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे) येणारी शंभरेक व्होल्टची उसळी धरली, तरी ६५० व्होल्टचा मॉस्फेट तगतो. शाळेतलं ६५ घेतलं असतं तर उसळीआधीच बेरीज ७३० च्या पुढे गेली असती. मॉस्फेट उडालाच समजा.

मग गुणोत्तर अगदी कमी, समजा ६ का नाही? कारण मग मॉस्फेट चालू असताना सेकंडरीच्या डायोडवर ३७५ भागिले ६ अधिक ५, म्हणजे साडेसदुसष्ट उलटे व्होल्ट येतात. त्याला १०० व्होल्टचा शॉटकी डायोड लागतो, आणि तो जास्त व्होल्टेज खातो. ५ व्होल्टच्या आउटपुटवर प्रत्येक ०.१ व्होल्ट म्हणजे २ टक्के. १८ ला तेच उलटे व्होल्टेज २६ वर येतं आणि ४० व्होल्टचा डायोड चालतो. शिवाय डीसी ९० व्होल्टपर्यंत घसरली, तर १८ ला मॉस्फेट ५२ टक्के वेळ चालू राहतो, ६ ला फक्त २७ टक्के. तेवढ्यात तीच ऊर्जा भरायची तर प्रवाहाचं शिखर जवळजवळ दुप्पट होतं.

सध्या ‘गॅन’ चार्जरचा गाजावाजा आहे. गॅलियम नायट्राइडचा स्विच वेगाने चालतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर लहान होतो, हे खरं. पण त्याने फोनला काही वेगळी, ‘शुद्ध’ वीज मिळत नाही, आणि वरची बेरीजही चुकत नाही.

प्रत्यक्षात सुरुवात सेकंडरीपासून करावी, कारण तिथे वेढे पूर्णांकातच बसतात. सहाचे पाच केले आणि प्रायमरी १०८ च ठेवली, तर गुणोत्तर २१.६ आणि परतणारं व्होल्टेज थेट ११९. म्हणून आधी सेकंडरीचे सहा ठरवायचे, मग प्रायमरीचे १०८. कंट्रोल आयसीला लागणाऱ्या १२ व्होल्टसाठी तिसरी गुंडाळी असते, वेढ्यामागे ०.९२ व्होल्ट धरून, डायोडचे पाऊण व्होल्ट मिळवून, तिला चौदा.