टप्पा जिंकणं वेगळं, टूर जिंकणं वेगळं

दर जुलैत तीच चूक नव्याने वाचायला मिळते. टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा एखादा टप्पा, म्हणजे एका दिवसाची दौड, कुणी जिंकला, की आपल्याकडच्या बातमीत तो थेट ‘टूरचा विजेता’ होतो. तीन आठवड्यांत असे वीसेक विजेते जाहीर होतात. मग शर्यत संपते आणि लोक विचारतात, हा पिवळ्या जर्सीतला कोण? याचं नाव तर कधी आलंच नव्हतं!

एका दिवसाची शर्यत सगळ्यांना कळते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत जो पुण्यात आधी पोहोचला, तो जिंकला. मिलान-सान रेमो, पॅरिस-रुबे या युरोपातल्या नामांकित शर्यतीही याच जातीच्या. घोळ होतो तो हा नियम अनेक टप्प्यांच्या शर्यतीला जसाच्या तसा लावल्यामुळे.

टूरमध्ये दोन हिशेब एकाच वेळी चालू असतात आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. एक हिशेब वेळेचा: सगळ्या टप्प्यांना लागलेल्या वेळेची बेरीज करायची आणि ती ज्याची सर्वांत कमी, त्याला पिवळी जर्सी. टूरचा विजेता तोच. दुसरा हिशेब क्रमांकाचा: टप्प्यात कितवा आलात त्यावर गुण, आणि ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याला हिरवी जर्सी. हिरवी म्हणजे पिवळीच्या खालचं दुसरं बक्षीस, हा समज तर पार काढून टाका. ती वेगळ्याच स्पर्धेची जर्सी आहे.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. पुढचा प्रश्न मात्र अडतोच: रोज पहिला येणाऱ्याची वेळ सर्वांत कमी कशी नाही?

सपाट टप्प्याचा शेवट नीट बघा. दीडशेहून जास्त सायकलस्वार एका घोळक्यात येतात. शेवटच्या दोनशे मीटरला स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या झपाट्यात तरबेज असलेले, हँडलवर पूर्ण वाकून बाहेर पडतात आणि एखादा अर्ध्या चाकाने जिंकतो. पिवळी जर्सीवाला पन्नाससाठ जणांच्या मागे निवांत रेषा ओलांडतो. निकालात मात्र दोघांची वेळ एकच लिहिली जाते, कारण घोळका सलग असेल, मध्ये ठरावीक सेकंदांची फट पडली नसेल, तर पहिल्याची वेळ ती सगळ्यांची वेळ. अशा टप्प्यांत शेवटच्या ठरावीक किलोमीटरमध्ये कुणी पडला, तरी तो ज्या गटात होता त्या गटाचीच वेळ त्याला मिळते. म्हणजे चार तास घाम गाळून जिंकलेल्या स्प्रिंटरला वेळेच्या हिशेबात बोनसचे (वेळेतून वजा होणारे) काही सेकंद सोडले तर काहीच मिळत नाही. गुणांच्या हिशेबात मात्र त्याला घसघशीत ५० गुण, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०.

डोंगरात चित्र उलटं. चढावर पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवण्याचा फायदा कमी होतो, घोळका फुटतो आणि मिनिटं जातात. पिवळ्या जर्सीचा निकाल इथे आणि एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या टाइम ट्रायलमध्ये लागतो. १९८९ साली शेवटच्या दिवशी २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता, त्याने ती पिछाडी भरून काढली आणि लोराँ फिन्याँला अवघ्या ८ सेकंदांनी हरवून टूर जिंकली.

२०१७ ची टूर तर या फरकाचं चोख उदाहरण आहे. स्प्रिंटर मार्सेल किटेलने पाच टप्पे जिंकले, सतराव्या टप्प्यात तो पडला आणि बाहेर गेला. हिरवी जर्सी मायकेल मॅथ्यूजला मिळाली. टूर जिंकली ख्रिस फ्रूमने, ५४ सेकंदांनी, आणि त्या वर्षी त्याने एकही टप्पा जिंकला नव्हता. तरीही २०२४ मध्ये स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशने टूरमधला कारकिर्दीतला ३५ वा टप्पा जिंकला तेव्हा ‘एडी मर्क्सला मागे टाकलं’ असे मथळे आलेच. टप्प्यांच्या संख्येत टाकलं, खरं आहे. पण मर्क्सने टूर पाच वेळा जिंकली, आणि कॅव्हेंडिशची डोंगरातली लढाई बहुतेकदा वेळमर्यादेत पोहोचून शर्यतीत टिकण्याची असायची. दोघंही थोर, पण त्यांना एका तराजूत घालणं हा दोघांवरही अन्याय आहे.

टूर नेहमी वेळेच्या हिशेबानेच ठरायची, असंही नाही. १९०३ ची पहिली टूर वेळेच्या हिशेबाने झाली आणि मोरिस गारँ जवळजवळ तीन तासांच्या फरकाने जिंकला. १९०४ मध्ये एवढी लबाडी झाली की पहिल्या चौघांना बाद करावं लागलं. मग १९०५ पासून संयोजक आंरी देग्रांजने गुणांची पद्धत आणली: ढोबळमानाने पहिल्याला १, दुसऱ्याला २, आणि शेवटी सर्वांत कमी गुणांचा जिंकला. ती १९१२ पर्यंत चालली.

त्यात काय बिघडलं ते एझेन क्रिस्तोफ या सायकलपटूच्या दोन वर्षांत दिसतं. १९१२ मध्ये तो गालिबिए घाट ओलांडून ३१५ किलोमीटर एकट्याने पुढे राहिला आणि ग्रनोबलला जिंकला. गुण पडला १, चाकाच्या फरकाने जिंकला असता तरी तेवढाच. त्या वर्षी तो दुसरा आला. १९१३ मध्ये टूर पुन्हा वेळेच्या हिशेबावर आली आणि तुरमाले घाट उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, तुटला. सायकल खांद्यावर घेऊन तो दहाएक किलोमीटर चालला आणि सेंत-मारी-द-कांपां गावातल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतः चिमटा जोडत बसला, कारण मदत घ्यायची बंदी होती. भाता एका पोराने मारला म्हणून वर क्रिस्तोफलाच दंड! गुणांची पद्धत असती तर एका टप्प्यातला वाईट क्रमांक पदरात पडला असता. इथे तासांचं नुकसान बेरजेत बसलं आणि टूर हातची गेली. १९१९ मध्ये पिवळी जर्सी सुरू झाली तेव्हा ती पहिल्यांदा अंगावर चढवणाराही हाच क्रिस्तोफ. क्रमांकाचा हिशेब १९५३ मध्ये हिरव्या जर्सीच्या रूपाने परत आला, पण बाजूची स्पर्धा म्हणून.

लाल ठिपक्यांची जर्सी म्हणजे आपल्या मुंबई-पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’, पांढरी तरुणांची. त्यात गोंधळण्यासारखं काही नाही.

मला खटकतात ते बोनस सेकंद. टप्प्यातल्या पहिल्या तिघांच्या वेळेतून १०, ६ आणि ४ सेकंद वजा करतात, म्हणजे क्रमांकाचं बक्षीस वेळेच्या खात्यात घुसवतात. २००८ मध्ये टूरने ते बंद केले होते, २०१५ मध्ये पुन्हा आणले. त्यामुळे शर्यत रंगते, असा युक्तिवाद असतो. पण पिवळी जर्सी रस्त्यावर खरोखर लागलेल्या वेळेचीच असावी. पहिलं येण्याची किंमत मोजायला हिरवी जर्सी आहे, ते बक्षीस तिथेच द्यावं.