पितळी पट्टीखालचा साग

गेल्या महिन्यात एका मित्राच्या शिडाच्या नौकेचा सुकाणूचा दांडा माझ्या कोथरूडच्या घरी आला. नौका मुंबईच्या बंदरात असते. चाळिशी ओलांडलेली, अंग फायबरग्लासचं, पण दांडा, कठडे, बसायच्या फळ्या हे वरचं सगळं काम सागवानी. दांडा राखेसारखा करडा पडला होता. त्याच्या मुळाशी आवळलेली पितळी पट्टी स्क्रू काढून सोडवली, तर खाली मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. कडा इतकी रेखीव की पट्टीचा ठसाच उमटला होता.  पट्टीखाली ऊन पोचलं नव्हतं.

मित्राने सोबत 'टीक ऑइल'चा एक डबाही दिला होता. उन्हाने लाकडातलं तेल उडून जातं आणि ते परत भरावं लागतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. हा समज फार पसरलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. या नावाच्या डब्यात सागापासून काढलेलं तेल नसतंच. बहुतेक वेळा जवसाचं किंवा टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल, ते पातळ करायला द्रावक आणि लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार असतात.

सागाचं खरं संरक्षण त्याच्या गाभ्यात असतं. झाड वाढताना आतल्या जुन्या पेशी मरतात आणि तिथे टेक्टोक्विनोनसारखी रसायनं साठतात. वाळवीला ती नकोशी असतात. जोडीला रबरासारखा एक पदार्थ असतो, त्यामुळे पाणी सहज शिरत नाही. अमावास्येला तोडलेलं लाकूड किडत नाही, असं आजही ऐकायला मिळतं. पण सालीलगतचा पांढुरका भाग कोणत्याही तिथीला तोडा, त्यात ही रसायनं नसतात आणि तो पोखरला जातोच. मुंबईच्या वाडिया गोदीत १८१७ साली बांधलेलं एच.एम.एस. त्रिंकोमाली हे सागवानी जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगतं आहे, ते या गाभ्याच्या जोरावर.

मग करडेपणा येतो कुठून? इथे थोडं रसायनशास्त्र लागेल, पण मला या विषयातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं. लाकूड म्हणजे सेल्युलोजचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन. सिमेंट काँक्रीटमधल्या सळया आणि सिमेंट डोळ्यांसमोर आणा. सेल्युलोज उन्हातले अतिनील किरण फारसे शोषत नाही. लिग्निन मात्र बेंझीनसारख्या कड्यांनी भरलेलं असतं आणि या कड्या, विशेषतः शेजारी कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनची दुहेरी जोडी) असला की, ते किरण अधाशासारखे शोषतात. ३५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाची ऊर्जा मोलमागे सुमारे ३४० किलोज्यूल भरते. लिग्निनच्या तुकड्यांना जोडणारे कमकुवत ईथर बंध तोडायला ३००च्या आतच पुरते. बंध तुटला की एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारे मुक्त मूलक तयार होतात, ते हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात, पेरॉक्साइड बनतात, त्यातून नवे मूलक. साखळी चालू राहते. शेवटी क्विनोनसारखे पिवळट-तपकिरी रेणू आणि लहान लहान आम्लं उरतात. त्यातलं बरंचसं पाण्यात विरघळतं. पहिल्या पावसात ते वाहून जातं आणि मागे राहतात सुटे, फिकट सेल्युलोजचे धागे. त्यांच्यावर काळपट बुरशी बसते. दोन्ही मिळून तो करडा रंग.

पण हे सगळं घडतं किती खोलवर? अतिनील किरण लाकडात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंतही जेमतेम पोचतात. दांड्यावर पटाशीची धार हलकेच फिरवली, कागदाइतकी पातळ ढलपी निघाली आणि खाली तोच मध दिसला. आपल्या पेठांतल्या वाड्यांचे छपराखालचे सागवानी खांब असे करडे पडत नाहीत, उघड्यावरच्या खिडकीची फळी पडते, तेही याचमुळे.

म्हणून डागडुजीत माझा आग्रह एकच: कमीत कमी लाकूड काढा. तारेचा ब्रश आणि जोराच्या पाण्याचा फवारा टाळाच. वर्षाच्या कड्यांतला मऊ भाग आधी उडतो, कठीण भागाच्या रेघा वर राहतात आणि त्या सपाट करायला पुन्हा पॉलिश पेपर मारावा लागतो. कॉस्टिक सोड्याचे क्लीनर लखलखाट करतात खरे, पण उरलंसुरलं लिग्निनही विरघळवतात. मी सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ स्पंज रेषांना आडवा फिरवला. लोखंडी स्क्रूभोवतीच्या निळसर-काळ्या डागांवर बोहरी आळीतून आणलेलं ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात विरघळवून लावलं. ते लोहाला पकडतं आणि डाग विरघळतो. ते विषारी आहे, हातमोजे हवेतच आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायचं.

पुढे तीन वाटा आहेत. काहीच न लावणं हा रास्त पर्याय आहे, साग त्याने कुजत नाही. तेल सुंदर दिसतं, पण काही महिन्यांत काळवंडतं, आणि जवसाच्या तेलावर बुरशी आनंदाने वाढते. अतिनील किरण शोषणारं व्हार्निश सर्वांत जास्त टिकतं, मात्र सहासात हात द्यावे लागतात. त्याआधी ॲसिटोनने पुसायचं, नाहीतर सागातलेच स्निग्ध पदार्थ थर धरू देत नाहीत. दरवर्षी नवा हातही हवा. एकदा बारीक चीर पडली की पाणी आत शिरतं आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो.

तेल वापरणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. हे तेल वाळतं म्हणजे ऑक्सिजनशी जुळतं आणि त्यात उष्णता बाहेर पडते. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर ती आतच कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. ते उघड्यावर पसरून वाळवा.

मित्राच्या दांड्याला व्हार्निश लावलं. टिंबर मार्केटमधून आणलेल्या सागाच्या तीन पट्ट्या गॅलरीच्या दक्षिणेकडच्या कठड्याला बांधल्या आहेत: एक कोरी, एक तेलाची, एक व्हार्निशची, प्रत्येकीचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलखाली झाकलेला. दसऱ्याला फॉइल सोडणार आहे.