बेळगावात समुद्र आला, खरं मासे कुठले?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्याकडं कुठल्या ना कुठल्या मैदानावर एक्झिबिशन पडतंयच. पाळणे, गोबी मंचुरी, दिल्ली हप्पळ म्हणजे तो मोठा पापड, पोरांचा रडारडा, आणि अलीकडं त्यात भर म्हणजे अंडरवॉटर टनेल. अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक बोगदा, निळे लाईट, डोक्यावरनं आणि दोन्ही बाजूंनी मासे, आणि लोक मोबाईल वर धरून व्हिडिओ काढत पुढं सरकतात. बाहेर पाटी काय, तर समुद्राच्या पोटात चला. आता बेळगाव समुद्रापासनं रस्त्यानं शंभर किलोमीटरच्या पुढं, घाटावर, त्यामुळं समुद्रच इथं आला म्हटल्यावर गर्दी होणारच, त्यात लोकांची चूक काय नाही.

खरं आत गेलात की जरा थांबून मासे नीट बघा. काळी पाठ, पांढरं पोट, लाल-नारिंगी शेपूट आणि तोंडाला लांब मिशा असलेला जो धिप्पाड मासा फिरतोय तो रेडटेल कॅटफिश, अ‍ॅमेझॉन नदीतला. मधेच वर येऊन तोंडानं हवेचा घोट घेऊन परत खाली जाणारा लांबलचक तो अरापाइमा, तोही अ‍ॅमेझॉनचाच, त्याला हवेतनंच श्वास घ्यावा लागतोय. सुसरीसारखा जबडा असलेला अ‍ॅलिगेटर गार उत्तर अमेरिकेतल्या नद्यांचा. आणि पोरं ज्याला बघून "शार्क शार्क" म्हणून ओरडतात तो पंगासियस, मेकाँग नदीतला कॅटफिश, जो हाटेलात बासा म्हणून आपल्या ताटात येतोय. शार्कला हाडंच नसतात, सगळा सांगाडा कुर्च्याचा, आणि मानेशी पाच ते सात कल्ल्यांच्या चिरा उघड्या दिसतात. ह्याच्या कल्ल्यावर झाकण आहे. म्हणजे समुद्राच्या पोटात फिरून आलो म्हणतोय ते सगळे मासे गोड्या पाण्यातले, नदीतले. टनेलवाल्यानं फसवलं म्हणा, किंवा त्याला दुसरं काय जमणारच नव्हतं म्हणा.

कारण खारं पाणी करणं हा खर्चाचा आणि डोकेदुखीचा कारभार आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे एक लाख लिटरची टाकी भरायची तर साडेतीन टन मीठ, आणि ते आपलं जेवणातलं मीठ चालत नाही, मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे सगळं मापात लागतंय. त्याच्या पुढची गोष्ट मात्र गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्याला लागू आहे. मासा कल्ल्यातनं सतत अमोनिया सोडत असतो आणि तो अमोनिया त्याच्याच कल्ल्यांना भाजतो. नदीत, समुद्रात तो वाहून जातोय, पातळ होतोय. टाकीत त्याचा निकाल लावायला बॅक्टेरिया लागतात, एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट त्या मानानं सौम्य. हे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये पुरेसे रुजायला चार ते सहा आठवडे जातात. आणि एक्झिबिशन किती दिवस असतंय? महिनाभर, मग ट्रक भरून पुढचं गाव. म्हणजे टाकी तयार व्हायच्या सुमाराला मोडायचीच वेळ येते. आधीच्या गावातलं फिल्टरचं मटेरियल ओलं ठेवून आणलं तर थोडंफार जमतंय, खरं दरवेळी ते होतंय का हे तिकीट फाडणाऱ्या पोराला विचारून बघा.

आणि आवाज. ह्याच्याकडं कुणाचंच लक्ष जात नाही. कॅटफिश आणि त्यांच्या नात्यातल्या माशांमध्ये पोटातल्या हवेच्या पिशवीपासनं आतल्या कानापर्यंत बारक्या हाडांची एक साखळी असते, त्यामुळं पिशवीला बसलेला हादरा थेट कानात पोचतो आणि बाकीच्या बऱ्याच माशांपेक्षा ह्यांना चांगलं ऐकू येतंय. गढूळ नदीत दिसत नाही तिथं हीच त्यांची भिस्त. तर असल्या तिखट कानाचा मासा आपण कुठं ठेवलाय, तर एका बाजूला जनरेटर, दुसऱ्या बाजूला पाळण्यावाल्याचा डीजे, रात्री दहापर्यंत.

हे झालं गावातल्या टनेलचं. "ओ ते गरीब धंदेवाले, परदेशातली मोठी अ‍ॅक्वेरियम बघा की, कसली मस्त ठेवलेली असतात" असं म्हणणारे भेटतात, म्हणून एका प्राण्याची गोष्ट सविस्तर सांगतो.

ऑगस्ट १९७० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पेन कोव्ह नावाच्या खाडीत ऑर्का देवमाशांचा, म्हणजे किलर व्हेल म्हणतात त्यांचा, मोठा कळप बोटी लावून आणि पाण्यात स्फोटकं टाकून जाळ्यात कोंडला. पिल्लं निवडून काढली, कारण पिल्लू ट्रकात-विमानात घालायला सोपं. काही पिल्लं जाळ्यात अडकून बुडाली, तर त्यांची पोटं फाडून आत दगड भरून तळाला घातली, लोकांना कळू नये म्हणून, खरं पुढं ती किनाऱ्याला लागलीच आणि बोंबाबोंब झाली. त्यात जिवंत पकडलेली एक मादी, वय अंदाजे चार वर्षं, मायामीच्या एका मरीन पार्कमध्ये गेली. तिचं नाव टोकिटे, शोमध्ये लोलिटा. तिची टाकी होती ८० फूट बाय ३५ फूट, खोली जास्तीत जास्त २० फूट. आपल्याकडच्या मंगल कार्यालयात जेवणाची पंगत बसते तो हॉल डोळ्यापुढं आणा, तेवढीच. आणि ती स्वतः वाढून झाली २० फुटांची. म्हणजे सरळ उभी राहिली तर शेपूट तळाला आणि नाक पाण्यावर. त्या टाकीत सुरुवातीला तिच्याच भागातला ह्युगो नावाचा नर होता, तो १९८० मध्ये मेला, आणि त्यानंतर तिला आपल्या जातीचा दुसरा ऑर्का भेटला नाही. चाळीस वर्षांच्या वर. तिला परत तिच्या समुद्रात न्यायचं म्हणून माणसं कित्येक वर्षं मोर्चे काढत होती, कोर्टात जात होती, शेवटी २०२३ मध्ये कंपनी कबूल झाली, तयारी सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये ती तिथंच, मायामीत, मेली.

ऑर्काच्या ज्या कुळातली ती होती, तिथं मुलगा असो की मुलगी, जन्मभर आईजवळ राहतात. प्रत्येक कुळाची आवाजाची बोली वेगळी, आणि ती आईकडनं शिकावी लागते. दिवसाला शंभर किलोमीटर पोहणं त्यांना नवल नाही. आता ह्यातलं काय टाकीत घालता येतंय सांगा. पाणी स्वच्छ ठेवता येतंय, मासे वेळेवर देता येतात, डॉक्टर ठेवता येतो. आई कुठनं आणणार?

शरीरावर परिणाम दिसतातच. अमेरिका आणि स्पेनमधल्या पार्कांतल्या २९ ऑर्कांचे दात बघून २०१७ मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात प्रत्येकाच्या दातांना काही ना काही इजा होती. काँक्रीटच्या भिंती आणि लोखंडी गेट चावत बसल्यामुळं दात झिजतात, तुटतात, मग ते ड्रिलनं पोखरून रोज आतनं धुवावे लागतात. जंगलातला वाघ पिंजऱ्यात येरझाऱ्या घालतो तसाच हा प्रकार, ह्याला स्टिरिओटिपी म्हणतात. खाण्याचंही तसंच. डॉल्फिन खारं पाणी पीत नाही, त्याला लागणारं पाणी ताज्या माशातनं मिळतंय, आणि पार्कात मिळतो फ्रीझरमधला मासा, ज्यातलं पाणी आणि बी-१ जीवनसत्त्व दोन्ही कमी झालेलं असतंय, म्हणून मग माशाच्या पोटात गोळ्या कोंबायच्या आणि वरनं पाणी द्यायचं. आणि तो हसतोय म्हणून खुश आहे असं वाटतंय ना, तर ती त्याच्या जबड्याची ठेवण आहे, आजारी असला तरी तो तसाच दिसणार.

एक गोष्ट मात्र मान्य करायला पाहिजे. डॉल्फिन आरशात स्वतःला ओळखतो हे २००१ मध्ये सिद्ध झालं ते न्यूयॉर्कच्या अ‍ॅक्वेरियममधल्या दोन डॉल्फिनवरच. कैदेतल्या प्राण्यांनी दिलेल्या माहितीच्याच जोरावर आज कैदेविरुद्धची बाजू भक्कम झालीय. ज्यांनी तो अभ्यास केला त्यांच्यातल्या एका संशोधिकेनं तर नंतर कैदेतल्या डॉल्फिनवर काम करणंच सोडलं. मला वाटतं जे शिकायचं होतं ते शिकून झालं, आता "संशोधनासाठी" ही पाटी काढायला हरकत नाही.

भारतात ह्या बाबतीत आपण बऱ्याच देशांच्या पुढं आहोत हे किती जणांना माहीत आहे? १९९८ मध्ये चेन्नईजवळ बल्गेरियाहून डॉल्फिन आणून शो सुरू केला होता, काही महिन्यांत ते मेले. पुढं कोचीसारख्या ठिकाणी परत डॉल्फिन पार्कचे प्रस्ताव आले, प्राणीप्रेमी संघटनांनी रस्त्यावर उतरून विरोध केला, आणि १७ मे २०१३ ला सेंट्रल झू अथॉरिटीनं परिपत्रक काढून देशभर डॉल्फिनेरियमला परवानगी देऊ नये असं राज्यांना कळवलं. त्यात शास्त्रज्ञांचा हवाला देऊन असंही म्हटलंय की डॉल्फिनला माणूस नसलेली व्यक्ती मानावं आणि करमणुकीसाठी कोंडून ठेवणं नैतिकदृष्ट्या बरोबर नाही. सरकारी कागदावर असलं वाक्य रोज वाचायला मिळत नाही. कॅनडाला असा कायदा करायला २०१९ उजाडलं.

डॉल्फिन सुटला तो हुशार आणि देखणा म्हणून. माशांचं कोण बघणार? खाऱ्या पाण्यातले शोभेचे बहुतेक मासे आजही समुद्रातनंच धरून आणलेले असतात, गोड्या पाण्यातल्यासारखे फार्ममध्ये पैदा केलेले नसतात. फिलिपिन्स, इंडोनेशियात त्यासाठी प्रवाळात सायनाइड फवारतात, मासा गुंगतो, धरायला सोपा जातो, आजूबाजूचं प्रवाळ मरतं ते वेगळंच. क्लाउनफिशची पैदास टाकीत छान होते, त्यामुळं कुणी घरात फार्मचा क्लाउनफिश पाळला तर मी भांडायला जाणार नाही. खरं मासा म्हणजे मठ्ठ हा समज सोडा. २०१९ मध्ये क्लीनर रॅस नावाचा बोटाएवढा मासा आरशाच्या परीक्षेत पास झाला, गळ्यावरचा डाग आरशात बघून दगडावर घासून काढायला लागला. त्यावर शास्त्रज्ञांत वाद झाले, ते व्हायलाच पाहिजेत. आणि न्यूझीलंडच्या अ‍ॅक्वेरियममधला इंकी नावाचा ऑक्टोपस तर २०१६ मध्ये टाकीच्या झाकणाच्या फटीतनं बाहेर पडला, फरशीवरनं सरपटत गेला आणि ड्रेनेजच्या पाइपातनं थेट समुद्रात. त्यानं आपलं मत नोंदवलं.

हे सगळं सांगितलं की आमच्या गल्लीतल्या एका काकांचा प्रश्न ठरलेला. "काय ओ, बुधवारी-रविवारी कॅम्पातनं बांगडा आणताय नव्हं? मग टनेलातल्या माशाचा एवढा कळवळा कशाला?" प्रश्न रास्त आहे. खरं बांगडा मरायच्या दिवसापर्यंत आपल्या थव्यात, आपल्या पाण्यात होता, टनेलातला मासा रोज त्याच चार भिंतींना धडकतोय. आणि मासे मार्केटमध्ये कोण "शैक्षणिक सहल" म्हणून पाटी लावत नाही, शाळेची पोरं रांगेनं नेत नाही. काकांना हे पटलं नाही. चालतंय.

"पोरांनी बघितलंच नाही तर प्रेम कसं वाटणार?" हा दुसरा मुद्दा, आणि हा जास्त जड आहे. त्याला माझ्याकडं गुजरातचं उत्तर आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची, म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या माशाची, सर्रास शिकार व्हायची. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या सूचीत घातलं, मग रामकथा सांगणाऱ्या मोरारी बापूंनी सांगितलं की ही व्हाली आहे, माहेरी बाळंतपणाला येणारी लेक आहे. तेव्हापासनं जाळ्यात सापडला तर कोळी स्वतःचं महागडं जाळं कापून त्याला सोडतात, वनखातं भरपाई देतंय, आणि असे शेकडो मासे सुटलेत. तिथं कुणी काचेची टाकी बांधली नव्हती.

आणि बघायचंच असेल तर आपल्याला लांब कुठं जायचंय? बेळगाव, कारवार, निपाणी म्हणून घोषणा देतोच की, तर त्या कारवारला जा. काळी नदी समुद्राला मिळते तिथं, देवबाग-कुर्मगडच्या बाजूला, हंपबॅक डॉल्फिन असतात. करड्या रंगाचे, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर, किनाऱ्याला धरून उथळ पाण्यात फिरणारे, जागतिक यादीत धोक्यात आलेले. पाठ दिसते दोन-तीन सेकंद, मग बराच वेळ नुसतं पाणी. पोरं कंटाळतात, कंटाळू देत. बोटवाल्याला मात्र आधीच सांगा की मागं लागायचं नाही, वाट अडवायची नाही, इंजिन हळू ठेवायचं, कारण पाण्यात आवाज हवेपेक्षा चारपटीहून जास्त वेगानं जातो आणि डॉल्फिन कानानंच बघतो.

राहता राहिला टनेल. एक्झिबिशन उठल्यावर ते मासे कुठं जातात हा माझा मुख्य आक्षेप आहे. २०१८ च्या पुरानंतर केरळच्या नद्यांत अरापाइमा आणि अ‍ॅलिगेटर गार सापडले, कुणाच्या तरी तळ्यातनं-टाकीतनं सुटलेले. मलप्रभा आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, सह्याद्रीतले कितीतरी छोटे मासे तिच्यात आहेत, तिथं असला एखादा खादाड पाहुणा गेला तर परत काढता येत नाही. आम्ही काही जणांनी मागच्या वर्षी एका कचेरीत निवेदन दिलं, पोचेवर शिक्का मिळाला, पुढं काय झालं नाही, कारण तोवर टनेल पुढच्या गावाला गेला होता. म्हणून ह्या वेळी परवानगीच्या आधीच जायचं ठरलंय. कुठल्या जातीचे मासे आणणार, मेले तर नोंद कोण ठेवणार, डॉक्टर कोण, डीजे किती लांब, आणि जाताना मोजून परत नेणार का, एवढंच लेखी मागायचं आहे. कानडीतला अर्ज तयार आहे, मराठीतला कुणीतरी टाईप करून द्या.