गृहभेट (बालशिक्षण)

गरीब किंवा मागे राहिलेल्या घरातल्या लहान मुलांसाठी, म्हणजे जन्मापासून शाळेत नाव घालेपर्यंतच्या वयासाठी, घरी जाऊन आणि आईवडलांना सोबत घेऊन जे शिकवणं चालतं त्याला गृहभेट म्हणतात. नाव ऐकून वाटतं की कोणीतरी बाई घरी येते आणि पोराला ट्यूशनसारखं शिकवून जाते, पण तसं नसतं. येणारी कार्यकर्ती आठवड्यातून तासभर घरात असते आणि आई बाकीचा सगळा वेळ, त्यामुळे शिकवायचं ते आईला दाखवून द्यायचं, बाळाशी खेळायचं ते आईनेच, असा सगळा हिशोब असतो. वडील, आजी, मोठी बहीण, जो कोणी बाळ सांभाळत असेल त्यालाही हेच लागू.

याची सगळ्यात जास्त सांगितली जाणारी स्टडी जमैकातल्या किंग्स्टनची. १९८६-८७ मध्ये तिथल्या गरीब वस्त्यांमधली १२९ बाळं घेतली, वय ९ ते २४ महिने, सगळी उंची खुंटलेली. त्यांचे चार गट पाडले, एकाला दर आठवड्याला किलोभर दूध पावडर, एकाला दर आठवड्याला तासभर गृहभेट, एकाला दोन्ही आणि एकाला यातलं काहीच नाही, आणि हे दोन वर्षं चाललं. घरी जाणाऱ्या बायका शिक्षिका नव्हत्या, आरोग्य सेवेतल्या मदतनीस होत्या, त्यांना या कामाचं वेगळं ट्रेनिंग दिलं होतं. पिशवीत काय, तर रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या, झाकणं, पुठ्ठा असल्या टाकाऊ वस्तूंची घरी केलेली खेळणी आणि चित्रांची साधी पुस्तकं. बाटलीत झाकणं टाकायची, पुन्हा बाहेर काढायची, "आत", "बाहेर" म्हणायचं, बाळाने नीट केलं की शाबासकी द्यायची. जाताना खेळणं घरीच ठेवायचं आणि पुढच्या आठवड्यात ते घेऊन दुसरं द्यायचं, म्हणजे मधले सहा दिवस खेळ आईच्या हातात. इतकंच. पण हीच मुलं २२ वर्षांची झाली तेव्हा गृहभेट मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली, हे २०१४ मध्ये छापून आलं. नुसत्या दुधाने असा टिकणारा फरक पडला नाही. याचा अर्थ पोषण नको असा काढणारे लोक पण भेटतात, तो चुकीचा आहे, पोटात काही नसेल तर बाळ खेळणार कशाने?

अमेरिकेतला पेरी प्रीस्कूल हा प्रयोग त्याहून जुना आणि जास्त फेमस. १९६२ मध्ये मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात तो सुरू झाला, गरीब आफ्रिकन-अमेरिकन घरांतली एकूण १२३ मुलं, त्यातली ५८ प्रीस्कूलमध्ये. रोज सकाळी अडीच तास वर्ग आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका दीड तास मुलाच्या घरी, आईसोबत. मुलांचा आयक्यू आधी चांगला वाढला आणि मग शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच बाकीच्यांच्या बरोबरीला आला, तेव्हा बऱ्याच जणांनी प्रयोग फेल गेला असंच धरलं होतं. पण चाळीसाव्या वर्षापर्यंत पाहत राहिल्यावर पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले प्रीस्कूलला गेलेल्यांत ३६ टक्के आणि दुसऱ्या गटात ५५ टक्के असे आकडे आले, शाळा पूर्ण करणारे आणि बरी कमाई असणारे पण यांच्यातच जास्त. आता हे वर्गामुळे की घरी जाण्यामुळे ते वेगळं काढता येत नाही कारण दोन्ही सोबतच दिलं होतं, तरी सगळीकडे वर्गाचंच कौतुक होतं आणि तो दीड तास कोपऱ्यात एका ओळीत उरकतात.

१९६९ मध्ये इस्रायलमध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात अविमा लोम्बार्ड यांनी हिप्पी (HIPPY, इंग्रजी नावातली पहिली अक्षरं) नावाचा गृहभेटीचा प्रोग्राम काढला, आशिया-आफ्रिकेतून आलेल्या, शिक्षण कमी असलेल्या कुटुंबांसाठी. यात घरी जाणारी बाई त्याच वस्तीतली, स्वतः लहान मुलाची आई. आणि ट्रेनिंगची पद्धत रोल-प्लेची: एकजण आई होते, दुसरी मूल होऊन मुद्दाम चुकीचं उत्तर देते, लक्ष देत नाही, आणि मग आईने चिडायचं नाही याची तिथेच प्रॅक्टिस. पुस्तकी वाटणार नाही असं यापेक्षा चांगलं काही मला तरी माहीत नाही.

अमेरिकेत १९६५ च्या उन्हाळ्यात हेड स्टार्ट हा गरीब घरांतल्या लहान मुलांसाठीचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, आठ आठवड्यांचा आणि पहिल्याच झटक्यात पाच लाखांहून जास्त मुलांसाठी. त्यातली धरून ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे पालक नुसते मीटिंगला बोलावलेले नसतात, निर्णय घेणाऱ्या कमिटीत त्यांचं बहुमत असतं. आपल्याकडे १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ ब्लॉकमध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेने तो देशभर नेला.

या सगळ्यावर एक टीका होते, की दोष गरीब आयांवरच टाकला जातो, आणि ती योग्य आहे. १९९५ मध्ये हार्ट आणि रिस्ले या दोन अमेरिकन संशोधकांनी मांडलं की गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत सुखवस्तू मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं, आणि हा आकडा जगभर फिरला. अभ्यास ४२ कुटुंबांचा होता, सरकारी मदतीवर जगणारी त्यात फक्त सहा. सहा घरांवरून कोट्यवधी आयांना "तुम्ही बोलत नाही" म्हणून सांगायचं हे जरा जास्तच झालं. आई दोन शिफ्ट करून येत असेल तर बाळाशी गप्पा मारायला तिला अक्कल कमी नसते, वेळ कमी असतो. कार्यकर्ती हे समजून घेणारी नसली की भेट म्हणजे तपासणी होते, आणि मग दार उघडत नाही, "आई घरी नाही" असं आतून मूलच सांगतं.

दुसरी अडचण वाढवण्याची. १२९ बाळांसाठी जे जमतं ते लाखांवर नेलं की एकेका कार्यकर्तीकडे घरं वाढतात, दर आठवड्याची भेट महिन्यावर जाते, तासाचा पाऊण तास रजिस्टर भरण्यात जातो आणि खेळणी बदलायची राहूनच जातात. भेटी बहुतेक दिवसा होत असल्याने वडील त्यात सापडतच नाहीत, काही ठिकाणी त्यांच्यासाठी संध्याकाळच्या किंवा सुट्टीच्या दिवशीच्या भेटी ठेवतात.